शेजारच्या झाडाला निळ्या बाटल्या लागल्यात!

मृद्गंधा_मिसिसिपी

नमस्कार मंडळी. पुण्याहून इथे येऊन सव्वादोन वर्षं झाली. जॅक्सनच्या जरा बाहेर राहतो. शेजारी एक आफ्रिकन-अमेरिकन आजी आहेत, पंचाहत्तरी उलटलेली. त्यांच्या अंगणात सीडरचं एक वठलेलं झाड आहे. साल केव्हाच गेलेली, पान एक नाही, आणि फांद्या हात-हातभर ठेवून छाटलेल्या. प्रत्येक फांदीच्या टोकाला काचेची बाटली उलटी खोचलेली. बहुतेक निळ्या, चारदोन हिरव्या, एक दुधी. मोजल्या एकदा, सत्तावीस भरल्या. सकाळी साडेसातच्या सुमारास ऊन तिरपं होतं तेव्हा आमच्या ओट्यावर एक निळा कवडसा येतो आणि मळलेल्या कणकेवरून सरकत सरकत मिसळणाच्या डब्यापर्यंत जातो.

लेक परवा म्हणाली, "आई, आजींच्या झाडाला बाटल्या लागल्यात." तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. वाचलं तर कळलं की याला 'बॉटल ट्री' म्हणतात आणि भुतं अडकवायला लावतात. नवरा म्हणतो, रोपवाटिकेत लोखंडी सांगाडा तयार मिळतो, आपणही एक आणू, अंगण छान दिसेल. मला मात्र ते खटकतंय, आणि का खटकतंय ते धड सांगता येत नाहीये.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. ही प्रथा मुळात कुणाची? आणि आपण लावावं का? आजींनाच विचार, असं कुणी सांगायच्या आधीच सांगते, की धीर होत नाही. नुसतं हात हलवून 'हॅलो' इतपतच ओळख आहे.

गोट्या_सोमण

सत्तावीस बाटल्या रिकाम्या कुणी केल्या हा मूळ प्रश्न तुम्ही सोयीस्करपणे टाळलात.

निवांत_नाना

@मृद्गंधा, मी जॉर्जियात सव्हानाजवळ वीसेक वर्षं आहे. इथे ऐकलेलं सांगतो.

भुताला इकडे जुनी माणसं 'हेंट' म्हणतात. 'हाँट'चाच बोलीतला उच्चार. हेंट रात्री भटकतो. रंगीत काच चमकताना दिसली की त्याला मोह होतो, तो बाटलीच्या तोंडातून आत शिरतो आणि मग बाहेरची वाट सापडत नाही. सकाळी ऊन बाटलीवर आलं की आत जळून जातो. वारा सुटल्यावर बाटल्या घुमतात, तो त्याचा आवाज. काही घरी बाटलीला बूच मारून नदीत सोडायचीही पद्धत होती म्हणतात. निळाच रंग का, याला सगळे एकच उत्तर देतात. निळं म्हणजे पाणी किंवा आभाळ, आणि हेंटला पाणी ओलांडता येत नाही.

हाच निळा इथल्या जुन्या घरांत पडवीच्या छताला दिसेल. फिकट, हिरवट झाक असलेला. त्याला 'हेंट ब्लू' असंच नाव आहे. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर, बेटांवर गुल्ला-गीची लोक राहतात. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज. बेटांवर तुटक राहिल्यामुळे त्यांची बोली, टोपल्या विणायची रीत, भाताचे पदार्थ असं बरंच टिकून राहिलं. नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतचा तो पट्टा २००६ साली अमेरिकी काँग्रेसने सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलाय.

मूळ प्रथा आफ्रिकेतल्या काँगो भागातली, असं येल विद्यापीठातल्या रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांनी १९८३ साली मांडलं, आणि तेव्हापासून सगळे तेच सांगतात. तिकडे थडग्यांवर ताटल्या, पेले, भांडी ठेवतात. गेलेला माणूस जिथल्या तिथे राहावा, मागे घरी येऊ नये म्हणून. अमेरिकेच्या दक्षिणेतही कृष्णवर्णीयांच्या जुन्या दफनभूमींत तुम्हाला फुटकी भांडी, शिंपले, बाटल्या दिसतील.

कोकणी_फणस

आमच्याकडे हापूसच्या झाडाला बाटल्या टांगतात की! त्यातही एकदा आत गेलेला परत येत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा फळमाशीचा सापळा. आत मिथाईल युजेनॉल, वासाने नर माशी येते आणि पडते. नावही काय, तर 'रक्षक'. हेंटचं आणि फळमाशीचं तंत्र एकच, आमिष दाखवा आणि तोंड लहान ठेवा.

गोट्या_सोमण

हसून हसून पुरेवाट. म्हणजे मिसिसिपीत फक्त पुरुष भुतं अडकतात का?

तर्कटी

मला या धाग्यातला सूर पटलेला नाही. दारात लिंबू-मिरची बांधली, बांधकामावर काळं मडकं टांगलं, की आपण 'अंधश्रद्धा' म्हणून नाकं मुरडतो. आणि अमेरिकेत झाडाला बाटल्या खोचल्या की ती 'लोककला', 'वारसा', कणकेवर निळा कवडसा वगैरे. भूत बाटलीत शिरतं आणि उन्हाने जळतं, हे आपल्या गावचा मांत्रिक सांगतो त्याहून वेगळं काय आहे? मांत्रिकही बाटलीतच बंद करतो. आपल्याकडे त्यासाठी २०१३ साली कायदा करावा लागला. निदान सगळ्यांना एकच माप लावा.

विद्या_प

@तर्कटी, माप एकच लावू, पण मोजतोय काय ते आधी बघू. तो कायदा आहे तो भुताच्या नावाने माणसाला लुबाडणाऱ्याविरुद्ध, छळणाऱ्याविरुद्ध. बाटलीच्या झाडात मधला भगत कुठे आहे? कुणी पैसे घेत नाही, कुणाला झोडपत नाही. रिकामी बाटली आणि वठलेली फांदी. खर्च शून्य.

दुसरं म्हणजे ज्यांनी हे जपलं त्यांच्याकडून काय काय काढून घेतलं होतं ते बघा. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. पुढच्याच वर्षी कायदा आला. ढोल वाजवायला बंदी, गुलामाला लिहायला शिकवायला बंदी, जमायला बंदी. त्यांच्या रात्री खरोखर कुणाकुणाची भीती वाटण्यासारख्या होत्या. आणि ज्यांची भीती होती ते बाटलीत मावणारे नव्हते.

तर्कटी

शेवटचं वाक्य टाळ्यांचं आहे, पण त्याने माझ्या मुद्द्याला उत्तर मिळत नाही. लिंबू-मिरची बांधणाऱ्या हातगाडीवाल्याच्या रात्री काय फार सुखाच्या असतात? त्याच्याकडेही मधला भगत नसतो. पाच-दहा रुपयांत काम.

विद्या_प

हे मान्य. मग त्याच्याकडे बघूनही नाक मुरडू नये, इतकंच म्हणते.

जुना_कागद

नानांनी चांगलं लिहिलंय, पण काँगोबद्दल थोडं सांभाळून. जालावर 'नवव्या शतकापासून काँगोत बाटल्यांची झाडं होती' असं एक वाक्य इकडून तिकडे चिकटवलेलं दिसतं. बाटल्या आल्या कुठून? पोर्तुगीज काँगो नदीच्या मुखाशी पोचले १४८३ साली. (पुढच्या सत्तावीस वर्षांत ते गोव्यात होते, म्हणजे लांबचे पाहुणे नव्हेत.) फुंकून केलेली युरोपी काच तिकडे जायला लागली ती या व्यापारातून. थडग्यावर भांडी ठेवणं, झाडाला वस्तू बांधून घर-शेत राखणं, हा विचार जुना असणार. पण काचेची बाटली हा त्या विचाराचा नंतर मिळालेला अवतार.

आणि अमेरिकेतसुद्धा बाटली फुकटची चीज कधी झाली? मायकल ओवेन्सचं स्वयंचलित बाटली-यंत्र आलं १९०३ मध्ये. त्याआधी बाटली माणूस तोंडाने फुंकून करायचा. गरिबाच्या घरात ती पुन्हा पुन्हा वापरली जायची, काकवीला, तेलाला, औषधाला. यंत्र आलं आणि रिकामी बाटली टाकाऊ झाली. माझ्या मते झाड बाटल्यांनी भरून टाकणं शक्य झालं ते तेव्हा.

निळ्याचंही उत्तर पाण्या-आभाळाइतकंच औषधाच्या कपाटात आहे. फिलिप्सचं 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया' निळ्या बाटलीत यायचं. पोट बिघडलं की घरोघरी तेच. काचेत चिमूटभर कोबाल्ट पडलं तरी गडद निळा येतो.

@मृद्गंधा, तुम्ही तर अगदी ठिकाणावर आहात. लेखिका युडोरा वेल्टी जॅक्सनच्याच. मंदीच्या काळात सरकारी कामासाठी मिसिसिपीभर हिंडल्या आणि सोबत कॅमेरा होता. सिम्पसन काउंटीतल्या एका घरापुढच्या बाटल्यांच्या झाडांचा त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. 'लिव्ही' या त्यांच्या कथेतही घरापुढे क्रेप मर्टलची झाडं आहेत आणि फांद्यांना रंगीत बाटल्या. जॅक्सनमधलं त्यांचं घर आता संग्रहालय आहे, जाऊन या.

मृद्गंधा_मिसिसिपी

बाप रे, दोन वर्षांत शंभर वेळा त्या रस्त्याने गेले असेन. धन्यवाद. आणि क्रेप मर्टल तर आमच्या पुढच्या अंगणातच आहे! घर बांधणाऱ्याने प्रत्येक दारात एक लावलंय.

पानफूल

क्रेप मर्टल म्हणजे लॅगरस्ट्रोमिया इंडिका. नावातच इंडिका आहे. आणि तिची सख्खी चुलत बहीण लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा म्हणजे आपलं ताम्हण, महाराष्ट्राचं राज्यफूल! एप्रिल-मेमध्ये जांभळं होतं ते. पाकळ्या बघा दोघींच्या, इस्त्री न केलेल्या क्रेपच्या साडीसारख्या चुरगळलेल्या. आशियातलं झाड, तिकडे गेलं आणि दक्षिणेचं इतकं होऊन बसलं की आता त्यांना ते परकं वाटतच नाही.

बाटल्यांसाठी ते का निवडत असतील हेही कळतं. लाकूड चिवट, फांद्या सरळ वर जातात, आणि छाटली तरी खोड मरत नाही. हिवाळ्यात पानं गळून सांगाडा मोकळा होतो.

एक विनंती, बाटल्यांसाठी म्हणून जिवंत झाडाचे शेंडे उडवू नका. तिकडे दर हिवाळ्यात लोक ते झाड असं बोडकं करतात की बागकामवाल्यांनी त्याला 'क्रेप मर्डर' नाव ठेवलंय.

कोकणी_फणस

तिकडे गेलेली ताम्हणाची भावकी ग्रीन कार्डसकट! आणि आम्ही अजून रांगेत.

वऱ्हाडी_ठेचा

तुमच्या त्या हेंटचं ठीक आहे, पण आमच्या गल्लीत दर फाटकाबाहेर लाल नाहीतर निळ्या पाण्याची बाटली लटकते. कुत्रं येऊन तंगडी वर करू नये म्हणून! कपड्याच्या निळीचे चार थेंब, बाटलीभर पाणी, झालं काम. आमच्या घरीही आहे. कालच एक कुत्रं त्या बाटलीलाच टेकून झोपलेलं पाहिलं.

गोट्या_सोमण

बाटली चुकीच्या बाजूला लावली असेल. कुत्र्याची एनर्जी आग्नेयेकडून येते.

विद्या_प

नीळ निघालीच आहे तर एक अवांतर. आमच्या आजोळी दिवाळीआधी भिंतींना चुना द्यायचे आणि त्यात नीळ घालायचे, पांढरा उजळतो म्हणून. नाना म्हणतात त्या हेंट ब्लूबद्दलही असंच सांगतात, चुना, दूध आणि नीळ.

आणि त्या निळीची गोष्ट थेट आपल्यापर्यंत येते. दक्षिण कॅरोलायनात १७४०च्या दशकात एलायझा लुकस हिने निळीची लागवड यशस्वी करून दाखवली. मळ्यात राबले ते गुलाम. कुंडात झाड कुजवून, घुसळून नीळ काढायचं काम, वास असह्य आणि माश्यांचे थवे. अमेरिका स्वतंत्र झाली, इंग्रजांचं गिऱ्हाईक तुटलं, आणि त्यांनी मोहरा वळवला बंगालकडे. पुढे १८५९चा नीळ-उठाव, १९१७चं चंपारण. म्हणजे आजींच्या पणज्यांच्या मानेवरचं जू उतरून आपल्या शेतकऱ्याच्या मानेवर आलं. उतरून तरी कसलं, त्यांना कापसाला जुंपलं.

दोन_ओळी

धागा बाटल्यांचा होता ना?
नाही, चांगलं चाललंय, चालू द्या.

सळईवाला

मी डॅलसला आहे, घरी वेल्डिंगचा नाद. शेजाऱ्याला एक करून दिलंय म्हणून कामाचं सांगतो.

१० मिमीची सळई घ्या. वाइनच्या बाटलीचं तोंड आतून १८-१९ मिमी असतं, त्यामुळे सळई सैल जाते आणि वाऱ्यात बाटली खडखडते. रात्री झोप उडते, भूत असो नसो. सळईच्या टोकाला जुन्या पाइपाच्या रबराचा तुकडा चढवा, आवाज बंद. फांद्या वरच्या दिशेने वाकवा. आडव्या केल्या तर पहिल्याच वादळात बाटल्या अंगणभर. तोंड नेहमी खाली, म्हणजे पाणी साचून डास होत नाहीत आणि थंडीत बर्फ होऊन काच तडकत नाही.

लेबल निघत नसेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून रात्रभर भिजत घाला. उरलेल्या चिकट्याला खोबरेल चोळा, अर्ध्या तासाने पुसा.

एक इशारा. कुंभारमाशी बाटलीत मातीचं घर करते. आमच्या शेजाऱ्याच्या अकरा बाटल्यांत हेंटच्या आधी तीच राहायला आली.

निवांत_नाना

खडखडाट बंद केलात तर भूत अडकलं हे कळणार कसं? जुन्या माणसांना तो आवाजच हवा असायचा.

सळईवाला

नाना, माझं गिऱ्हाईक दंतवैद्य आहे. त्याला दिवसभर आवाजच आवाज.

भटक्या_६६

कॅलिफोर्नियात रूट ६६वर ओरो ग्रांडे गावाजवळ एल्मर लाँग नावाच्या माणसाने २००० सालापासून अशी झाडं उभी करायला घेतली, लोखंडी खांबांची. दोनशेच्या वर झाली. वडिलांनी वाळवंटात हिंडून जमवलेल्या बाटल्या होत्या, त्या कुठे ठेवायच्या म्हणून सुरुवात. २०१९ मध्ये ते गेले. आम्ही गेलो होतो, भर दुपारी. चहूकडे हिरव्या-तपकिरी काचा, मधेच जुना टाइपरायटर नाहीतर गंजलेली सायकल खांबाच्या टोकाला. तिथे भुताखेताचा संबंधच नाही. बापाच्या बाटल्या पोराने मांडल्या.

त्यामुळे @मृद्गंधा, लावायचं तर बिनधास्त लावा. एल्मर लाँगने कुणाची परवानगी काढली होती?

विद्या_प

@भटक्या, त्याने निदान दुकानातून सांगाडा आणि सोबत बाराच्या बाराही निळ्या बाटल्या असा संच आणला नव्हता. मला वाटतं मृद्गंधाला तेच खटकतंय. न प्यायलेल्या औषधाची बाटली.

तर्कटी

हे मात्र पटलं. रेडिमेड श्रद्धा सगळ्यात वाईट.

मृद्गंधा_मिसिसिपी

मंडळी, आठवडाभर गप्प होते त्याची माफी. सांगण्यासारखं घडलंय.

गेल्या गुरुवारी रात्री गारा पडल्या. लिंबाएवढ्या. सकाळी बघते तर आजी कोपरापर्यंत हातमोजे घालून काचा वेचतायत. मी झाडू आणि सूप घेऊन गेले. (हो, सूपच, आईने दिलेलं.) नऊ बाटल्या फुटल्या होत्या. काचा गोळा करता करता, विद्यातै, तुमचं वाक्य आठवलं आणि विचारून टाकलं, या कुठून आणल्या?

त्या म्हणाल्या, आणल्या नाहीत, संपवल्या. सगळ्यात जुन्या पाच त्यांच्या आईच्या झाडावरच्या, 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया'च्या. त्यातल्या दोन फुटल्या. एक हिरवी नवऱ्याच्या निवृत्तीच्या दिवशीची. दुधी आहे ती कोल्ड क्रीमची, बहिणीची, ती शेवटी आजारी असतानाची. हेंटबद्दल विचारलं तर हसल्या. आई मानायची, म्हणाल्या, मी आईला मानते.

मग त्यांनीच मला विचारलं, आणि इथे मी गार झाले. "एक विचारू? तुम्ही नवी गाडी आणलीत त्या दिवशी चारही चाकांखाली लिंबं ठेवून त्यावरून गाडी घातलीत. दोन वर्षं झाली, विचारीन विचारीन म्हणत होते." म्हणजे मी खिडकीतून त्यांचं झाड बघत होते आणि त्या त्यांच्या खिडकीतून आमची लिंबं! सांगितलं सगळं, दृष्ट, नारळ, हळदकुंकू. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "मग रस्त्यात चिरडलेल्या लिंबांचं काय करता?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ती नवऱ्याने बागेच्या पाइपने धुऊन काढली होती.

गोट्या_सोमण

@तर्कटी, लिंबू निघालं एकदाचं. आता बोला.

तर्कटी

मी काय बोलणार, माझ्या गाडीखालीही आईने ठेवली होती. मी फक्त डोळे मिटून क्लच सोडला.

निवांत_नाना

वा! 'आई मानायची, मी आईला मानते.' सव्हानात वीस वर्षं राहून मी एकालाही इतकं सरळ विचारलेलं नाही. तुमच्या अंगणाचं काय ठरलं मग?

मृद्गंधा_मिसिसिपी

@नाना, सांगाडा रद्द. आजी म्हणाल्या, झाड उभारायची घाई करू नको. आधी एक बाटली संपू दे आणि तीही निळीच हवी असं काही नाही. घरात शोधलं तर सगळं प्लास्टिक. गुलाबजल प्लास्टिक, मध प्लास्टिक, कोकम आगळ तर डबल पिशवीत बांधलेलं प्लास्टिक. शेवटी कपाटात मागे एक तपकिरी काचेची मिळाली. लेकीच्या वेळी बाळंतपणाला आई आली होती तेव्हा तिने आणलेलं दशमूलारिष्ट. तळाला बोटभर शिल्लक होतं, पाच वर्षांचं. ओतून टाकलं आणि बाटली विसळली. तीनदा विसळली, वास काही जात नाही.

आजींच्या झाडावर नऊ फांद्या मोकळ्या आहेत. तिथली एक आम्हाला दिलीय.

कोकणी_फणस

त्या वासाने हेंट आत शिरणारच नाही हो. माझ्या बायकोने एक चमचा घेऊन उरलेलं कुंडीत ओतलं होतं, जास्वंद दोन महिने रुसली.

सळईवाला

@मृद्गंधा, अरिष्टाच्या बाटलीचं तोंड वाइनच्या बाटलीपेक्षा मोठं असेल, बसवण्याआधी मोजा. फांदीला सुतळी गुंडाळलीत तर घट्ट बसेल.

मृद्गंधा_मिसिसिपी

सुतळी नव्हती. आजींनी जुन्या मोज्याची पट्टी कापून दिली. बसली.